छायाचित्रकाराचा ब्रँड कसा ठरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छायाचित्रणाचे वर्ग घेताना आणि लग्नसराईत सहकाऱ्यांबरोबर काम करताना ‘कंपनी कोणती घ्यावी?’ हा प्रश्न जितक्या वेळा कानावर पडतो, तितक्या वेळा प्रकाशाविषयी किंवा चौकटीच्या मांडणीविषयी कोणी विचारत नाही. या प्रश्नाची पुन्हा पुन्हा समोर येणारी रूपे येथे एकत्र केली आहेत. सर्वोत्तम कंपनीचे नाव येथे कोणी शोधू नये. छायाचित्रकाराला एखादी कंपनी आपली का वाटू लागते, एवढाच येथील विषय आहे.

१. एखादा म्हणतो ‘मी निकॉनवाला’, एखादी म्हणते ‘मी कॅननवाली’. त्यांनी नेमके काय निवडलेले असते?

बहुतेक वेळा त्यांनी माउंट निवडलेला असतो, जरी खरेदीच्या दिवशी हा शब्द त्यांच्या कानावरूनही गेलेला नसला तरी. माउंट म्हणजे बॉडीच्या (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या) तोंडावरची धातूची गोल कडी, जिच्यात लेन्स फिरवून बसवतात. या कडीचा व्यास, तिच्या खाचा, विजेच्या संपर्काचे बिंदू आणि कडीपासून सेन्सरपर्यंतचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टिकेपर्यंतचे, अंतर प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे, तर कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी. मिररलेस कॅमेऱ्यांतून लेन्स आणि सेन्सर यांच्यामधला आरसा गेल्यावर ते निकॉन झेडमध्ये १६, सोनी ईमध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमीवर आले. त्यामुळे एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सरळ बसत नाही.

बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी वाटू लागते; नीट जपलेली लेन्स मात्र तीन-तीन बॉडींना पुरते. म्हणून पहिली बॉडी घेताना ब्रँड ठरत नाही, तो दुसरी किंवा तिसरी लेन्स घेताना ठरतो. मग तिच्यामागून फ्लॅश येतो, बॅटऱ्या येतात. २००८ च्या ५डी मार्क टू या कॅमेऱ्याबरोबर आलेली कॅननची एलपी-ई६ मालिका आणि २०१० च्या डी७००० बरोबर आलेली निकॉनची ईएन-ईएल१५ मालिका या दोन्ही पुढे मिररलेस बॉडींतही चालू राहिल्या. घरातल्या प्रत्येक खोलीत एकाच कंपनीचा चार्जर सापडू लागला, की आपण ‘वाले’ झालो असे समजायला हरकत नाही.

२. मग पहिला कॅमेरा त्याच कंपनीचा का घेतला जातो? त्यामागे काही विचार असतो का?

विचार असतो, पण तो बहुधा दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो. वर्गात नव्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी विचारतो आणि उत्तरे फारशी बदलत नाहीत: मामाकडे याच कंपनीचा होता, कॉलेजातल्या मित्राने लेन्स वापरायला देईन असे सांगितले, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या स्टुडिओत तोच होता, दुकानदाराने त्या दिवशी त्याच्यासोबत बॅग आणि मेमरी कार्ड दिले. सेन्सरची तुलना करून कॅमेरा घेतलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो, आणि जो भेटतो त्याचे फोटो इतरांपेक्षा वेगळे असतात असेही नाही.

आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आपल्याकडे बनणारा आग्फा क्लिक थ्री अनेक मध्यमवर्गीय घरांत होता, आणि पुढे ‘हॉट शॉट’ आला. त्याहून गंभीर हौस असणाऱ्याला सोव्हिएत बनावटीचा झेनिट मिळू शके, नाहीतर आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकाची वाट पाहावी लागे. तो सुट्टीवर येताना जो कॅमेरा आणी, तोच त्या घराचा ब्रँड. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन चार कॅमेरे हातात घेऊन पाहणे ही पुढची चैन. आजही या पद्धतीला मी नावे ठेवत नाही. ज्याच्याजवळ आपल्याच माउंटच्या चार लेन्स आहेत आणि ज्याला रात्री दहा वाजता फोन करून शंका विचारता येते, असा मित्र नवशिक्याला कोणत्याही तांत्रिक गुणापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

३. निकॉन आणि कॅनन असे दोन तट मुळात पडले कसे?

यामागे दोन निर्णय आहेत, आणि दोन्ही माउंटविषयीचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत लहान कॅमेऱ्यांच्या जगावर जर्मनीचे, विशेषतः लायका आणि झाइस यांचे वर्चस्व होते. १९५० साली ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत असताना जून मिकी या जपानी छायाचित्रकाराने निकॉनच्या निक्कोर लेन्सने त्यांचे छायाचित्र काढले. त्याची प्रत पाहून डंकन थक्क झाले, थेट कारखान्यात गेले आणि निक्कोर लेन्सेस घेऊन कोरियाच्या युद्धावर गेले. त्यांनी बॉडी बदलली नव्हती. लायकावरच या लेन्सेस लावल्या होत्या. तेथून आलेल्या छायाचित्रांमुळे जपानी भिंगांचे नाव अमेरिकेत झाले. १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ हा एसएलआर (लेन्समधले दृश्य आरशातून थेट दाखवणारा कॅमेरा) आला आणि एफ माउंट त्याच्यासोबत जन्माला आला. त्याच वर्षी कॅननचा कॅननफ्लेक्सही आला होता, पण तो आज संग्राहकांनाच आठवतो. वृत्तछायाचित्रकारांनी निकॉन एफ उचलला आणि पुढची दोन दशके युद्ध, राजकारण, खेळ या साऱ्यांवर निकॉनचा पगडा राहिला.

दुसरा निर्णय १९८७ चा. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्याने ऑटोफोकस व्यवहार्य करून दाखवला होता आणि इतरांची धावपळ उडाली होती. निकॉनने जुना माउंट राखला. फोकसची मोटर बॉडीत बसवून तिचा दांडा लेन्समध्ये फिरवला, म्हणजे आधीच्या ग्राहकांच्या लेन्सेस वाया जाणार नाहीत. कॅननने आपला एफडी माउंट सरळ बाद केला आणि ईएफ हा ५४ मिमी व्यासाचा नवा माउंट आणला, ज्यात बॉडी व लेन्स यांच्यात कोणताही यांत्रिक दुवा नव्हता आणि मोटर लेन्सच्या आतच होती. एफडी लेन्सेसमध्ये पैसे गुंतवलेल्यांना हा विश्वासघात वाटला, आणि तसे वाटणे अगदी साहजिक होते. पण मोठ्या, जड भिंगांना आतली मोटर अधिक वेगाने हलवू शकत होती. नव्वदीच्या दशकात क्रीडांगणाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सेसची रांग दिसू लागली ती त्यामुळे.

एका कंपनीने जुन्या ग्राहकाचा शब्द राखला आणि दुसरीने पुढच्या ग्राहकाकडे पाहिले. दोन्ही कंपन्यांच्या चाहत्यांच्या बोलण्यात आजही या दोन स्वभावांचे पडसाद ऐकू येतात, जरी बोलणाऱ्याचा जन्म १९८७ नंतरचा असला तरी.

४. लेन्स आणि बॅटऱ्यांचा हिशेब समजला. पण काही जण फुकट मिळाला तरी दुसरा कॅमेरा घेणार नाही असे म्हणतात. का?

कारण बोटे. पैशाचा हिशेब कधीतरी मिटतो, बोटांची सवय मिटत नाही.

कॅमेऱ्याकडे तोंड करून पाहिले तर कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसते आणि निकॉनची उलट दिशेने. फोकसच्या आणि झूमच्या रिंगाही या दोन कंपन्यांत एकमेकींच्या विरुद्ध फिरतात. बाहेरून लेन्स बनवणाऱ्यांतही ही फूट आहे: सिग्माची झूम रिंग कॅननच्या दिशेने जाते, टॅमरॉनची निकॉनच्या. जुन्या निकॉन बॉडींत प्रकाशमापकाची अधिक (+) चिन्हाची बाजू डावीकडे असे, कॅननमध्ये उजवीकडे. निकॉनचे चालू-बंद करायचे बटण शटरभोवती असते, तर कॅननच्या वरच्या श्रेणीतील बॉडींची खूण म्हणजे पाठीवरचे मोठे चाक, ज्यावर अंगठा आपोआप जातो.

कागदावर हे क्षुल्लक वाटते. लग्नात शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, तेव्हा वधू-वरांनी एकमेकांकडे पाहण्याचा क्षण फार तर दोन सेकंद टिकतो. त्या दोन सेकंदांत चाक कोणत्या बाजूला फिरवायचे याचा विचार करणाऱ्याच्या हाती नंतरचा घोळका लागतो. मी स्वतः एकदा ऐन हंगामाच्या तोंडावर कंपनी बदलली आणि तिसऱ्याच लग्नात, वधूचा मामा तिला घेऊन येत असताना, झूम बाहेर घेण्याऐवजी आत फिरवला. चौकटीत मामांचा फेटा उत्तम आला होता. चूक कॅमेऱ्याची नव्हती. आठ वर्षे एका दिशेला फिरलेल्या मनगटाला पंधरा दिवसांत दुसरी दिशा शिकवू पाहण्याची होती.

सवयीचा कॅमेरा दिसेनासा होतो आणि समोरचा माणूस तेवढा दिसतो. एखादा छायाचित्रकार आपल्या ब्रँडवर प्रेम करतो असे आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो या दिसेनासे होण्यावर प्रेम करत असतो.

५. ‘अमुक कंपनीचे रंग चांगले’ असे सगळेच सांगतात. यात तथ्य किती?

जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दिलेल्या फोटोत) बरेच, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) कमी. कॅमेरा जेपेग तयार करतो तेव्हा श्वेतसंतुलन (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगजुळणी), लाल-पिवळ्या छटांची घनता आणि त्वचेच्या रंगाचा कल हे सारे कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच ठरवलेले असते. फुजीफिल्मने तर आपल्या जुन्या फिल्मांची नावे असलेल्या रंगशैली कॅमेऱ्यातच दिल्या, आणि अनेक जण केवळ त्यांच्यासाठी त्या कंपनीकडे गेले. हे कारण पूर्णपणे वैध आहे, कारण ज्याला संगणकावर बसायचे नाही त्याच्यासाठी कॅमेऱ्यातून निघालेला रंग हाच अंतिम रंग असतो.

रॉ फाइलमध्ये मात्र हा फरक बराचसा सॉफ्टवेअरच्या हाती जातो. शिवाय निकॉनसह इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेले सेन्सर असतात, ही गोष्ट सोनीला नाके मुरडणाऱ्या निकॉनप्रेमींना सांगितली की थोडा वेळ शांतता पसरते. अर्थात सेन्सर एकाचा असला तरी त्यावरचे रंगांचे फिल्टर आणि पुढची प्रक्रिया प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे फरक शून्य होतो असेही नाही.

आपल्याकडे हा प्रश्न हळदीच्या आणि कुंकवाच्या फोटोंत खरा कळतो. पिवळ्या मंडपाखाली, पिवळ्या साडीतल्या, हळद लागलेल्या चेहऱ्याचे श्वेतसंतुलन कोणत्याही कंपनीच्या स्वयंचलित यंत्रणेला गोंधळात टाकते, आणि मळवटाचा लाल रंग सहज भडक होऊन त्यातले बारकावे मिटतात. ज्या छायाचित्रकाराने एकाच कंपनीच्या फाइलींवर पाच हंगाम हे दुरुस्त केले आहे, त्याच्याजवळ त्या रंगांवरची मात्रा तयार असते. तो ‘या कंपनीचे रंग चांगले’ म्हणतो, तेव्हा ‘या कंपनीचे रंग मला सुधारता येतात’ असे वाचावे.

६. कामाच्या प्रकारावरून ब्रँड ठरतो का? म्हणजे जंगलासाठी एक, लग्नासाठी दुसरा?

काही अंशी ठरतो, आणि तोही एखाद-दुसऱ्या लेन्समुळे. २०१५ साली निकॉनची २००-५०० मिमी, एफ ५.६ ही टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्स आली. वजन सुमारे २.३ किलो, पण व्यावसायिक टेलिफोटोंच्या तुलनेत किंमत आवाक्यातली. ताडोब्याच्या जिप्सीत आणि भिगवणच्या होडीत ती सर्रास दिसू लागली. तिच्यामुळे निकॉनकडे आलेले हौशी लोक मला माहीत आहेत. क्रॉप सेन्सरचाही, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचाही, हिशेब असतो: ३०० मिमीची लेन्स निकॉनच्या क्रॉप बॉडीवर ४५० मिमीसारखी, कॅननच्या क्रॉप बॉडीवर ४८० मिमीसारखी आणि त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्‌सवर ६०० मिमीसारखी चौकट देते. पाठदुखी असलेल्या पक्षिनिरीक्षकाला शेवटचा आकडा फार गोड वाटतो.

लग्नांच्या क्षेत्रात व्हिडिओने समीकरण बदलले. २००८ च्या कॅनन ५डी मार्क टूमध्ये फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर फुल एचडी चित्रण करता येऊ लागले, तेव्हा व्हिडिओवाले कॅननकडे वळले. २०१८ च्या सोनी ए७ थ्रीनंतर त्यांतले बरेच सोनीकडे गेले. एका चमूतील चौघांनी कंपनी बदलली की पाचव्याचे मत कोणी विचारत नाही, कारण सर्वांच्या फाइली एकाच अल्बममध्ये आणि एकाच चित्रफितीत जायच्या असतात.

बाहेरच्या लेन्सेस किती मिळतात, हेही पाहावे. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर लेन्स उत्पादकांना खुली केली, त्यामुळे सिग्मा-टॅमरॉनच्या स्वस्त लेन्सेस तेथे भरपूर झाल्या. कॅननच्या २०१८ च्या आरएफ माउंटसाठी या दोन कंपन्यांनी परवान्याने ऑटोफोकस लेन्सेस जाहीर केल्या त्या २०२४ मध्ये, आणि त्याही क्रॉप सेन्सरसाठी.

७. मोठे छायाचित्रकारही एका ब्रँडला धरून राहिले ना? मग आपण का राहू नये?

काही राहिले, काही नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी लायका घेतला आणि जन्मभर बहुतांश काम त्यावर, तेही ५० मिमी लेन्सने केले. १९४८ च्या जानेवारीत महात्मा गांधींच्या अखेरच्या दिवसांत ते दिल्लीत होते तेही लायका घेऊनच. त्यांना हवा होता तो छोटा, शांत, नजरेत न भरणारा कॅमेरा, आणि त्या काळात असा पर्याय जवळजवळ एकच होता.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता आणि मोठ्या निगेटिव्हचा स्पीड ग्राफिकही. दोन कॅमेऱ्यांची कामे वेगळी होती आणि त्यांनी दोन्ही हाताळली.

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांनी आधी लायका वापरला, ‘जेनेसिस’ प्रकल्पासाठी पेंटॅक्स ६४५ घेतला आणि २००८ च्या सुमारास कॅननच्या डिजिटल बॉडीकडे वळले. कारण अगदी व्यवहाराचे होते: विमानतळांवरील क्ष-किरण तपासणीत फिल्म पुन्हा पुन्हा सापडू लागली होती. नामवंतांच्या निवडीकडे पाहताना त्यांची अडचण काय होती हे आधी पाहावे. कंपनीचे मानधन घेऊन तिची जाहिरात करणाऱ्या ‘राजदूतां’ची गोष्ट निराळी. त्यांची अडचण काय, हे सांगायला नको.

८. लहान शहरात राहणाऱ्याने ब्रँड ठरवताना वेगळे काय पाहावे?

तीन गोष्टी: आपल्या गावात किंवा एका दिवसात जाऊन येता येईल अशा शहरात कोणाचे अधिकृत सेवाकेंद्र आहे; लेन्स भाड्याने देणाऱ्याकडे कोणत्या माउंटचा साठा जास्त आहे; आणि जुना कॅमेरा विकायचा झाला तर स्थानिक गिऱ्हाईक कशाला मिळते. लग्नाच्या आदल्या दिवशी शटर अडकले, तर गावातल्या दुसऱ्या छायाचित्रकाराकडून मागून आणलेली बॉडी आपल्या लेन्सला बसली पाहिजे, हा विचार सोलापूर-रत्नागिरीकडचा छायाचित्रकार मुंबईकरापेक्षा आधी करतो आणि तो शहाणपणाचा आहे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा ग्रे मार्केटचा माल मात्र कोणत्याही ब्रँडचा असला तरी टाळावा, कारण भारतातील वॉरंटी त्याला लागू होईल याची खात्री नसते.

९. छायाचित्रकार ब्रँडवरून इतके भांडतात का?

भांडण बहुधा स्वतःच्या खर्चाशी असते. दोन-अडीच लाख रुपये आणि काही वर्षे एका माउंटमध्ये घातल्यावर दुसरा चांगला असू शकतो हे मान्य करणे जड जाते, म्हणून आपल्या निवडीची कारणे नंतर गोळा केली जातात. कारणे खोटी असतातच असे नाही. फक्त ती खरेदीनंतर सुचलेली असतात.

१०. कंपनी बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे?

स्वतःला नेमके एक वाक्य लिहिता आले पाहिजे: ‘माझ्या सध्याच्या माउंटमध्ये अमुक काम होत नाही.’ उदाहरणार्थ, रंगमंचावरील नाटकासाठी पूर्ण नि:शब्द शटर हवे आहे आणि आपल्या डीएसएलआरच्या (डिजिटल एसएलआरच्या) आरशाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो, हे कारण पुरेसे आहे. मात्र त्याच कंपनीच्या मिररलेस बॉडीत तेच मिळत असेल, तर गरज कंपनी बदलण्याची नसून पिढी बदलण्याची आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

खर्च मोजताना लेन्सच्या किमतीवर थांबू नये. जुन्या मालाच्या विक्रीतील तूट, फ्लॅश, ट्रिगर, बॅटऱ्या, कार्डे आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेली बोटांची सवय मोडण्याचे महिने हे सारे त्यात धरावे. सोनीकडे २०१३ नंतर जो ओघ गेला, त्यामागे एक युक्ती होती: १८ मिमी अंतरामुळे बॉडी आणि कॅननची ईएफ लेन्स यांच्यामध्ये अडॅप्टरला (दोन वेगळे माउंट जोडणाऱ्या कडीला) जागा मिळत होती. त्यामुळे अनेकांनी आधी नुसती बॉडी बदलली आणि लेन्सेस पुढच्या दोन-तीन वर्षांत, एकेक करून बदलल्या. आजही बदलायचेच असेल तर हाच मार्ग बरा. मुहूर्त मात्र पावसाळ्याचा धरावा, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत हात बसतो.

११. दोन कंपन्यांचे कॅमेरे एकत्र वापरले तर चालते का?

चालते, पण एकाच कार्यक्रमात शक्यतो नको. त्वचेचे रंग जुळवण्यात संपादनाचा वेळ दुप्पट होतो (प्रश्न ५ पाहा), आणि गळ्यात दोन विरुद्ध दिशांच्या रिंगा घेऊन फिरणे म्हणजे आपल्याच मनगटाशी भांडण. नाइलाज असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवावीत, श्वेतसंतुलन स्वयंचलित न ठेवता केल्व्हिनच्या एकाच आकड्यावर ठरवून ठेवावे आणि सर्व चित्रण रॉमध्ये करावे. कामासाठी एक कंपनी आणि खिशात ठेवायला दुसरीचा छोटा कॅमेरा ही विभागणी मात्र निर्धोक आहे.

१२. माझा माउंटच कंपनीने बंद केला, तर गुंतवणूक बुडाली का?

हे घडत आलेले आहे. मिनोल्टाचा १९८५ चा माउंट २००६ मध्ये सोनीकडे गेला आणि सोनीने तो काही वर्षे चालवून थांबवला. सॅमसंगची एनएक्स मालिका चांगले कॅमेरे देऊनही बाजारातून गेली. निकॉन १ ही मालिका २०११ ते २०१८ टिकली. ऑलिम्पसने २०२१ च्या आरंभी कॅमेरा विभाग विकला, पण तेथे माउंट मेला नाही. मायक्रो फोर थर्ड्‌सवर पॅनासॉनिकही असल्यामुळे आणि नव्या मालकांनी ओएम सिस्टिम या नावाने उत्पादन सुरू ठेवल्यामुळे लेन्सेसना बॉडी मिळत राहिल्या.

सर्वांत कडू अनुभव कॅननच्या ईएफ-एम या आरएफआधीच्या मिररलेस माउंटच्या ग्राहकांचा. या लेन्सेस १८ मिमी अंतरासाठी बनवलेल्या, आरएफचे अंतर २० मिमी. म्हणजे अडॅप्टर लावून दूरवरचा फोकस साधण्याचा मार्गच उरला नाही. उलट जुन्या ईएफ लेन्सेस आरएफ बॉडीवर अडॅप्टरने उत्तम चालतात. बंद माउंटचे मूल्य असे भौमितिक असते: अंतर जास्त असलेली लेन्स पुढच्या पिढीत जगते, कमी असलेली अडकते. बॉडी चालू आहे तोवर फोटो येतच राहतात, त्यामुळे घाबरून मातीमोल भावाने विकण्याची गरज नाही.

१३. एकाच कंपनीत राहिलो म्हणजे सगळे एकमेकांना बसते ना?

नाही, आणि ही फसगत नवशिक्यांना फार महागात पडते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतील बॉडींत फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वस्त म्हणून ५० मिमी एफ १.८ ‘डी’ लेन्स घेणाऱ्याला हाताने फोकस करावा लागला; त्याने मोटर आत असलेली ‘जी’ लेन्स घ्यायला हवी होती. हीच ‘डी’ लेन्स एफटीझेड (एफ माउंटच्या लेन्सेस झेड बॉडीवर बसवणाऱ्या) अडॅप्टरने मिररलेस बॉडीवर लावली, तरी ऑटोफोकस मिळत नाही.

कॅननमध्ये अडचण वेगळी. क्रॉप सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्सेस फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत, तर निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्सेस फुल फ्रेमवर बसतात आणि चौकट तेवढी लहान होते. म्हणून दुकानात ‘निकॉनची आहे का?’ एवढेच न विचारता बॉडीचे पूर्ण नाव सांगून लेन्स बसवूनच पाहावी.

१४. वडिलांचा जुना निकॉन फिल्म कॅमेरा आणि दोन लेन्सेस कपाटात आहेत. त्यांच्यासाठी मी निकॉनच घ्यावा का?

हा प्रश्न पाठवणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा मोठी आहे आणि त्यात हिशेबाइतकाच जिव्हाळाही असतो. आधी लेन्स पाहावी. प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे आकडे रिंगेवर दोन ओळींत, एक मोठी आणि माउंटजवळ एक बारीक, असे असतील तर ती १९७७ नंतरच्या ‘एआय’ पद्धतीची, म्हणजे लेन्सचे छिद्र बॉडीला आपोआप कळवणाऱ्या पद्धतीची, असण्याची शक्यता मोठी. आकड्यांची एकच ओळ असेल तर ती त्याआधीची असू शकते, आणि अशी लेन्स डी७००० सारख्या बॉडीवर जोर करून बसवल्यास बॉडीतील छोटी खुंटी मोडू शकते. गंमत अशी की मोटर नसलेल्या, प्रश्न १३ मधल्या स्वस्त बॉडींत ती खुंटीच नसल्यामुळे तेथे जुनी लेन्सही निर्धास्त बसते. मात्र प्रकाशमापक चालत नाही आणि शटर व छिद्र अंदाजाने ठरवावे लागते.

एआय लेन्स वापरण्यासाठी आज सर्वांत सोयीची जागा म्हणजे एफटीझेड अडॅप्टरसह झेड मालिकेतील बॉडी. फोकस हाताने करावा लागतो, पण दृश्य पडद्यावर मोठे करून पाहता येते, प्रकाशमापन होते, आणि ज्या बॉडीत कंप रोखणारी यंत्रणा आहे तेथे लेन्सचे नाभीय अंतर (तिच्यावरचा मिमीचा आकडा) भरले की तीही काम करते. हेच बरेचसे सोनीवर किंवा कॅनन आरएफवर साध्या अडॅप्टरने जमते, म्हणून केवळ या दोन लेन्सेससाठी निकॉन घेण्याची सक्ती नाही.

खरेदीपूर्वी लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहावा. कोकणात किंवा मुंबईत वीस पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलेली असण्याचा संभव दाट असतो, आणि ती भिंगाच्या लेपापर्यंत गेली असेल तर सफाईनंतरही डाग राहतात. लेन्स स्वच्छ निघाली, तर वडिलांना तिची रिंग फिरवायला द्यावी. त्यांचे मनगट कोणत्या दिशेला वळते, ते पाहण्यासारखे असते.